मातीसाठी दिलेला दिवस

(राष्ट्रीय सेवा योजनेच्या मृद्‌संधारण शिबिरातील भाषणाचा मजकूर)



उद्या सकाळी आपण सर्व जण गावाच्या उत्तरेकडील माळावर जाणार आहात. तेथे फक्कीने आखलेल्या पांढऱ्या रेघा दिसतील आणि त्या रेघांवर चर खोदावयाचे आहेत, असे सांगण्यात येईल. नऊ वाजेपर्यंत ऊन चढेल, हाताला फोड येतील आणि मुरूम किती चिवट असतो याचे ज्ञान कोणत्याही पुस्तकाच्या साहाय्यावाचून होईल. या कामास निघण्यापूर्वी ते कशासाठी, कोणासाठी आणि पुढे कोणाच्या भरवशावर करावयाचे, याचा थोडा विचार होणे इष्ट आहे. महाराष्ट्रात श्रमदानाची परंपरा मोठी आहे. परंतु वाया गेलेल्या श्रमदानाची उदाहरणेही कमी नाहीत. दरवर्षी त्याच खड्ड्यात नवे रोप लावून वृक्षारोपण साजरे होते, हा विनोद गावोगाव ऐकू येतो, तो उगाच नव्हे.

प्रथम मातीविषयी. सह्याद्रीच्या पूर्वेकडील पर्जन्यछायेच्या पट्ट्यात वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास पडतो, आणि तोही बारा महिन्यांत विभागून नव्हे, तर मोजक्या दिवसांत. खाली काळा पाषाण, त्यावर मुरूम आणि त्याच्यावर वीतभर माती, अशी डोंगरउतारावरील जमिनीची रचना आहे. ही वीतभर माती तयार होण्यास निसर्गाला शेकडो वर्षे लागली. उन्हाळाभर गुरांनी चरून उघडा केलेला उतार आणि जूनमधील एक वळवाचा सरीवर सरींचा पाऊस, एवढ्या सामग्रीवर ती एका दुपारी ओढ्याला जाऊन मिळते. वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याची जमीन कापण्याची शक्ती सुमारे चौपट होते. म्हणून मृद्‌संधारणाचे सारे शास्त्र एका वाक्यात सांगता येते : धावत्या पाण्याला चालावयास लावावे, चालत्या पाण्याला थांबवावे आणि थांबलेल्या पाण्याला जमिनीत मुरवावे. हे काम डोंगराच्या माथ्यापासून सुरू करून पायथ्याकडे यावयाचे असते. माथा तसाच सोडून खाली ओढ्यात मोठा बंधारा बांधला, तर तो पाण्याने नव्हे, गाळाने भरतो.

हे काम एकट्यादुकट्याचे नाही, हे आपल्या पूर्वजांना ठाऊक होते. मराठीत त्यासाठी शब्द आहेत. सावड आहे, इर्जिक आहे. एकाच्या शेतातील मोठे काम गावाने मिळून एका दिवसात उरकावयाचे आणि ज्याचे काम त्याने सर्वांना जेवू घालावयाचे, ही इर्जिकीची रीत. पुणे जिल्ह्यातील आंबेगाव, जुन्नर या तालुक्यांत, भीमाशंकरच्या डोंगररांगांत राहणाऱ्या महादेव कोळी समाजात याच जातीची एक प्रथा आहे. तिचे नाव पडकई. उन्हाळ्यात शेतीची कामे नसतात, तेव्हा काही कुटुंबे एकत्र येतात. आज एकाच्या उतारावर, उद्या दुसऱ्याच्या, अशी पाळी लावून दगड वेचावयाचे, त्याच दगडांची ताल रचावयाची, वरची माती ओढून तिच्यामागे सपाट करावयाची आणि उतारावर भाताचे खाचर उभे करावयाचे. पैशाचा व्यवहार नाही. जो दुसऱ्याकडे जितके दिवस गेला, तितके दिवस दुसरा त्याच्याकडे येतो.

घोड नदीवर डिंभे धरण झाले आणि या भागातील अनेक कुटुंबांची खोऱ्यातील भातशेती पाण्याखाली गेली. उरले ते उभे उतार. त्या वेळी पडकई हाच त्यांचा आधार ठरला. कुसुमताई कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या ‘शाश्वत’ या संस्थेने तेथे आदिवासींबरोबर अनेक वर्षे काम केले, पडकईच्या कामांना सरकारी योजनांतून साहाय्य मिळावे यासाठी खटपट केली, आणि २०१२ मध्ये त्या कार्याला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार लाभला. या उदाहरणातील एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. संस्थेने तेथे नवी प्रथा शिकवली नाही. जी होती ती ओळखली आणि तिच्या पाठीशी उभी राहिली. बाहेरून येणाऱ्या स्वयंसेवकाला यापेक्षा मोठे काम क्वचितच करता येते.

शासनाच्या प्रयत्नांचा इतिहासही जुना आहे. मुंबई प्रांतात जमीन सुधारणा योजनांचा कायदा १९४२ मध्ये झाला आणि त्यान्वये शेतजमिनीवर बांधबंदिस्तीची कामे सुरू झाली. १९७२च्या दुष्काळात या कामांना वेगळेच परिमाण लाभले. १९७३च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लक्ष माणसे दुष्काळी कामांवर होती. खडी फोडण्याच्या कामाबरोबर पाझर तलाव, नालाबंडिंग, बांधबंदिस्ती ही कामे त्या हातांनी झाली. विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून साकारलेल्या रोजगार हमी योजनेला पुढे १९७७च्या कायद्याचे अधिष्ठान मिळाले. आज आपण ज्या पाझर तलावाच्या काठी बसता, तो कदाचित आपल्या आजीने डोक्यावर घमेली वाहून उभा केलेला असेल. मात्र ती मजुरी होती, दान नव्हे. हा फरक पुसट होऊ देता कामा नये, आणि त्याचे कारण पुढे येईलच.

दुष्काळाच्या त्याच काळात पुण्यातील एक अभियंते व उद्योजक विलासराव साळुंखे पुरंदर तालुक्यात गेले. हजारो माणसे दुष्काळी कामांवर राबत आहेत, आणि तरीही पाऊस आल्यावर त्यांच्या शेतांतील स्थितीत काही पालट होणार नाही, हे दृश्य त्यांना अस्वस्थ करून गेले. नायगाव येथे देवस्थानची ४० एकर पडीक जमीन त्यांनी दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने घेतली. तीवर बांध घातले, पायथ्याशी तळे केले, विहीर खोदली आणि हाच प्रयोग करीत ते तेथे राहिले. ग्रामगौरव प्रतिष्ठान १९७४ मध्ये स्थापन झाले आणि त्यातून पाणी पंचायतीची कल्पना रुजली. पाणी जमिनीच्या प्रमाणात नव्हे, तर कुटुंबातील माणसांच्या प्रमाणात : माणशी अर्धा एकर आणि कुटुंबास जास्तीत जास्त अडीच एकर भिजेल एवढे. ऊस नाही. आणि ज्याला जमीनच नाही, त्यालाही पाण्यात वाटा.

हे शेवटचे कलम सर्वांत महत्त्वाचे होय. माळावर चर खणले की खालच्या विहिरींना पाणी वाढते. त्या विहिरी ज्यांच्या सात-बारावर आहेत, त्यांचे पीक वाढते आणि जमिनीची किंमत चढते. ज्याच्या नावे गुंठाभर जमीन नाही, त्याच्या वाट्यास काय येते? फार तर थोडी अधिक मजुरी. अशा माणसाकडे गावाने श्रमदानाचा दिवस मागणे, म्हणजे ज्याच्याजवळ केवळ दिवसाची मजुरीच आहे, त्याच्याकडून तीच दान मागणे होय. चराईबंदीचेही तसेच. बांधावरचे गवत आणि रोपे वाचावीत म्हणून मोकाट चराई बंद करावी लागते, हे खरे. परंतु तिचा पहिला फटका बसतो तो चार शेळ्यांवर संसार चालविणाऱ्या बाईला. जर्मन साहाय्याने राज्यात राबविण्यात आलेल्या पाणलोट विकास कार्यक्रमात गावाने मजुरीचा काही हिस्सा श्रमदानातून द्यावा अशी अट होती. तथापि भूमिहीनांना व एकाकी स्त्रीच्या कष्टांवर चालणाऱ्या कुटुंबांना त्यातून सूट ठेवण्यात आली होती. ही तरतूद करणाऱ्यांना गाव कळले होते, असे म्हणावे लागेल.

म्हणून स्वयंसेवकाने गावात पाऊल ठेवल्यावर पहिला प्रश्न विचारावा तो हा की, हा चर कोणाच्या शिवारात पडतो आणि पाणी कोठे उतरते? दुसरा, गावातील कोणते घर आज येथे आलेले नाही आणि का? कित्येकदा कामाच्या जागी माणसे पुष्कळ असतात, हलगी वाजत असते, छायाचित्रे निघत असतात. आणि एक वस्तीच्या वस्ती गैरहजर असते. त्या वस्तीवर जाऊन चहा घेणे, हेही मृद्‌संधारणाचेच काम आहे.

अहिल्यानगर जिल्ह्यातील दोन गावांची नावे आपण ऐकलेली आहेत, म्हणून त्यांविषयी थोडक्यात. राळेगणसिद्धीला १९७५ मध्ये अण्णा हजारे सैन्यातून परतले, तेव्हा गावाजवळ पाझर तलाव होता, पण तो गळत होता. गावकऱ्यांच्या श्रमांतून त्याची दुरुस्ती झाली आणि खालच्या विहिरींना पाणी आले. गावाचा विश्वास बसला तो व्याख्यानांनी नव्हे, त्या विहिरींनी. पुढे १९९२ मध्ये राज्यात आदर्श गाव योजना सुरू झाली, ती या अनुभवावर आधारलेली होती. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, कुटुंबनियोजन आणि श्रमदान ही तिची पाच सूत्रे. बोअरवेलबंदीसारखी सूत्रे मागाहून त्यांत आली.

हिवरे बाजार गावात पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली चर, बांध, वनीकरण ही कामे झाली. अशी कामे इतरत्रही झाली आहेत. हिवरे बाजारचे वेगळेपण ती झाल्यानंतर दिसते. शेतीसाठी बोअरवेल घ्यावयाची नाही, ऊस आणि केळी लावावयाची नाहीत, असे गावाने ठरविले. दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडला जातो आणि त्यावरून पुढची पिके ठरतात. पाऊस कमी, तर पाणी अधिक लागणारे पीक नाही. डोंगरावर गुरे सोडावयाची नाहीत; मात्र विळ्याने गवत कापून नेण्याची मुभा आहे. चरांनी पाणी जमिनीत घातले. ते पुन्हा एका हंगामात उपसून जाऊ नये, याची व्यवस्था मात्र ग्रामसभेने केली. अन्यत्र काय झाले? ज्या गावांत कामे चांगली झाली, विहिरी भरल्या, परंतु उपशावर कोणताही निर्बंध राहिला नाही, तेथे दोन-चार वर्षांत बोअरवेलची यंत्रे गावात शिरली आणि पाण्याची पातळी पूर्वीपेक्षाही खाली गेली. तेथे श्रमदान करणाऱ्यांचा घाम कोणाच्या पंपातून बाहेर पडला, हे सांगावयास नको.

शहरातील माणूस या कामात मोठ्या संख्येने उतरला तो अलीकडे. पानी फाउंडेशनची ‘सत्यमेव जयते वॉटर कप’ स्पर्धा २०१६ मध्ये वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत सुरू झाली आणि २०१९ पर्यंत चालली. उन्हाळ्यातील ४५ दिवस गावांनी आपापल्या शिवारात काम करावयाचे, अशी तिची योजना होती. पहिल्या वर्षी सातारा जिल्ह्यातील वेळू आणि दुसऱ्या वर्षी वर्धा जिल्ह्याच्या आर्वी तालुक्यातील काकडदरा ही गावे पहिली आली. काकडदरा हे डोंगरात वसलेले लहानसे आदिवासी गाव. त्याने थोरामोठ्या गावांना मागे टाकले, ही गोष्ट आनंदाची खरीच. १ मे २०१८ रोजी, महाराष्ट्रदिनी, हजारो शहरवासी ‘जलमित्र’ म्हणून गावोगाव श्रमदानासाठी गेले.

या उपक्रमावर एक आक्षेप वारंवार घेतला जातो. पन्नास शहरी माणसे सकाळभर जे खोदतात, ते एक पोकलेन यंत्र अल्पावधीत खोदते. मग या माणसांच्या बसभाड्याच्या पैशातून डिझेलच का भरू नये? आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. केवळ घनमीटर मोजावयाचे असतील, तर यंत्रच श्रेष्ठ आहे, आणि स्पर्धेतील गावांनीही यंत्रे वापरलीच. परंतु यंत्र खड्या उतारावर चढत नाही. ते सोयीच्या जागी, म्हणजे खाली ओढ्यात उतरते; आणि म्हणूनच राज्यात नाला खोलीकरणाची कामे माथ्यावरील कामांपेक्षा झटपट झाली. शिवाय यंत्राने केलेले काम ठेकेदाराचे असते. ते फुटले तर गाव ठेकेदाराला नावे ठेवते. स्वतःच्या हाताने रचलेली ताल फुटली, तर माणूस भर पावसात डोक्यावर पोते घेऊन ती पाहावयास जातो. पाहुण्या स्वयंसेवकाच्या बाबतीत ही आपुलकी आपोआप येत नाही, हे मात्र मान्य केले पाहिजे. तो एक दिवस येतो आणि जातो. त्याने त्या एका दिवसाचे मोल वाढवावे कसे?

येथे कामाच्या तपशिलात शिरणे भाग आहे. उद्या आपण जे खोदणार आहात, तो सलग समतल चर होय. त्याची रुंदी ६० सेंटिमीटर आणि खोली ३० सेंटिमीटर. अशा १० मीटर लांबीच्या चरात एका वेळी १,८०० लिटर पाणी मावते. पाऊस थांबला, पाणी मुरले की तो पुन्हा रिकामा होतो आणि पुढच्या सरीला तयार असतो. असे १०० तुकडे म्हणजे एका भरण्याला १ लक्ष ८० हजार लिटर. परंतु हा हिशेब एकाच अटीवर खरा ठरतो. चर समपातळीत असला पाहिजे. तो एका टोकाला वीतभर खाली गेला, तर सगळे पाणी त्या टोकाला धावेल, तेथे बांध फोडील आणि खाली नवी घळ पाडील. म्हणजे न खोदलेल्या उतारापेक्षा चुकीचा खोदलेला चर अधिक घातक. म्हणून फक्कीची रेघ हा आदेश समजावा. मध्ये मोठा दगड लागला म्हणून रेघ सोडून वर-खाली सरकू नये. दगड निघत नसेल, तर तेथे चर तोडावा आणि पलीकडे त्याच पातळीवर पुन्हा धरावा.

ती रेघ आखली कशी, हेही पाहून घ्यावे. तीन काठ्यांची, इंग्रजी ‘ए’ अक्षरासारखी चौकट, तिच्या शेंड्याला दोरी आणि दोरीला दगड. आडव्या काठीवरील मधल्या खुणेवर दोरी आली की दोन्ही पाय समपातळीत. गावातील शाळकरी मुलांनाही हे साधन दोन तासांत वापरता येते. पाण्याच्या नळीने चालणारे हायड्रोमार्करही आता वापरात आहे. शिबिरातील प्रत्येक गटातून निदान दोघांनी ही आखणी शिकून घ्यावी, कारण खोदणारे हात पुष्कळ मिळतात, आखणारे कमी.

चरातून निघालेली माती उताराच्या खालच्या बाजूस टाकावयाची. वरच्या बाजूस कदापि नाही. चराची कड आणि मातीचा बांध यांमध्ये फूटभर जागा मोकळी ठेवावयाची, नाहीतर पहिल्याच सरीत ती माती पुन्हा चरात येऊन बसते. घाई करणारे उत्साही गट हीच चूक हमखास करतात. बांध थोपटून बसवावा आणि पाऊस सुरू होताच त्यावर स्टायलो किंवा मारवेल यांसारखे गवत पेरावे. मातीला अखेर धरून ठेवते ते मूळ. कुदळीचे काम मुळाला वेळ मिळवून देण्यापुरते.

वर्षाचे वेळापत्रकही ध्यानी असावे. चर, बांध यांची कामे सुगीनंतर ज्येष्ठापर्यंत. वनराई बंधारा मात्र पावसाळा सरता सरता, ओढा वाहता असतानाच घालावयाचा. मोहन धारिया यांच्या ‘वनराई’ संस्थेने रूढ केलेला हा बंधारा म्हणजे सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती किंवा वाळू भरून ती ओढ्यात विटांसारखी सांधे चुकवून रचणे. खर्च जवळजवळ नाही. महाविद्यालयीन गट तो एका दिवसात घालतो, आणि हरभऱ्याला एखादे पाणी मिळते. पण उन्हाने पोती कुजतात, पुढच्या पुरात बंधारा वाहून जातो. तो दरवर्षी नव्याने घालावा लागतो, यात त्याचा दोष नाही. दोष असतो तो एकदा घालून त्याची छायाचित्रे पाच वर्षे वापरण्यात.

चरांचेही तसेच आहे. त्यांत गाळ येणारच. तो यावा म्हणूनच ते खोदलेले असतात. दोन-तीन पावसाळ्यांत ते बुजत जातात. त्यांतील गाळ काढून बांधावर टाकणे, फुटलेला तुकडा सांधणे, वाळलेल्या रोपाच्या जागी दुसरे लावणे, ही कामे कोणत्याही उद्घाटनाच्या पत्रिकेवर छापली जात नाहीत. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झाली. तिचे विशेष शिबिर सात दिवसांचे असते. प्रत्येक तुकडीने दरवर्षी नवे गाव शोधण्याऐवजी तेच गाव सलग काही वर्षे घेतले, तर तिसऱ्या वर्षीच्या विद्यार्थ्यांच्या वाट्याला खोदण्याचा आनंद येणार नाही, गाळ उपसण्याचा कंटाळा येईल. तरीही तेच करणे योग्य होय. त्यासाठी एक साधी वही पुरेल. कोणत्या गटात किती मीटर चर, कोणत्या तारखेला; आखणी कोणी केली; खालच्या दोन विहिरींची पाण्याची पातळी दिवाळीत किती आणि अक्षय्यतृतीयेला किती. ती वही महाविद्यालयाच्या कपाटात नव्हे, तर गावाच्या शाळेत ठेवावी. गाव ती उघडते की नाही, यावरून कामाची परीक्षा होईल.

उद्याच्या कामाची विभागणी गावातील मंडळी करणार आहेत. आखणी कोठे चुकली असे वाटल्यास आपापसांत न बदलता त्यांना विचारावे. दोघांनी खोदणे, एकाने माती ओढणे, एकाने बांध थोपटणे, अशी चौघांची जोडणी सोयीची पडते. अर्ध्या तासाने कामे आलटूनपालटून घ्यावीत. पाणी पिण्यासाठी माळावर मातीचे दोन रांजण ठेवलेले आहेत. ते खालच्या हातपंपावरून गावातील बायका भरून आणतात, म्हणून त्या पाण्याने हात-पाय धुऊ नयेत. कुदळी व घमेली पहाटे साडेपाच वाजता शाळेच्या पडवीत मोजून दिली जातील आणि दहा वाजता तशीच मोजून परत घेतली जातील.